गालिचा धुताना शेजारच्या केबिनच्या लॅमिनेटखाली पाणी गेले. भरपाई किती मान्य करावी?

प्रश्न : ताराबाई पार्क

नमस्कार. कोल्हापुरात कार्यालये, हॉटेले आणि घरे येथील गालिचे व सोफे जागेवरच धुऊन देण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. गेल्या आठवड्यात एका कार्यालयातील मुख्य दालनाचा गालिचा धुताना, प्रसाधनगृहाच्या नळाला जोडलेली आमची नळी निसटली आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत पाणी शेजारच्या केबिनमध्ये शिरले. तेथे लॅमिनेटची फरशी आहे. वरचे पाणी आम्ही यंत्राने तातडीने ओढून घेतले व जागा कोरडी पुसली. मात्र दोन-तीन दिवसांनी दाराजवळच्या फळ्यांच्या कडा फुगल्याचे ग्राहकाने कळवले आणि आता संपूर्ण केबिनची फरशी नवी घालून देण्याची त्यांची मागणी आहे.

शिवाय दालनातील गालिचा, ज्यावर नळीचे पाणी आलेच नव्हते, तो वाळल्यावर त्यावर तपकिरी पट्टे उमटले आहेत. ग्राहक दोन्ही गोष्टी एकाच अपघाताच्या खात्यात टाकत आहेत, आणि मला ते पटत नाही. आमचा सार्वजनिक दायित्व विमा (कामामुळे इतरांच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) आहे, पण आजवर त्याचा दावा कधी केलेला नाही. फरशीची जबाबदारी कुठपर्यंत घ्यावी, पट्ट्यांचे काय करावे आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत काय बदलावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : फरशी व सुतारकाम, उद्यमनगर

आपण वरचे पाणी ओढलेत हे योग्यच केले, पण लॅमिनेटमध्ये खरे नुकसान खालून होते. फळ्यांखाली पातळ फोम आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. सांध्यांतून उतरलेले पाणी त्या कागदावर साचून राहते आणि वरून कितीही पंखे लावले तरी ते उडून जात नाही. म्हणून सर्वप्रथम भिंतीकडेचे स्कर्टिंग काढून एक-दोन फळ्या उचलून पाहा. खाली अजून ओल असेल, तर आज ठीक दिसणाऱ्या फळ्याही पुढच्या आठवड्यात फुगतील आणि वाद वाढेल.

लॅमिनेटचा गाभा दाबून बनवलेल्या लाकडी भुशाचा असतो. सादळलेले भडंग कढईत पुन्हा परतता येते, पण फुगलेला हा गाभा वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही, त्यामुळे त्या फळ्या बदलाव्याच लागतील. दिलासा एवढाच, की या फळ्या बहुधा चिकटवलेल्या नसून एकमेकींत अडकवलेल्या असतात. जवळच्या भिंतीपासून खराब ओळीपर्यंत उकलून तेवढ्याच बदलता येतात. तोच रंग आणि तीच जाडी बाजारात मिळते का, यावर सगळे अवलंबून आहे. तो नमुना बंद झाला असेल, तर संपूर्ण केबिनची मागणी अगदीच अवास्तव म्हणता येणार नाही. माझ्या मते मोजणी करून खराब फळ्यांचे आणि पूर्ण केबिनचे, अशी दोन वेगवेगळी अंदाजपत्रके घ्या.

जाता जाता, कधी खऱ्या लाकडाच्या फरशीवर पाणी गेले, तर नियम उलटा आहे. फळ्या वाटीसारख्या वाकल्या तरी घाई करू नये, कारण सावकाश वाळल्यावर त्या बऱ्याच अंशी सरळ होतात. ओल्या असतानाच रंधा मारला, तर वाळल्यावर मध्ये उंचवटा येतो आणि तो कायमचा राहतो.

उत्तर : गालिचा-सोफा सफाई, राजारामपुरी

पट्ट्यांविषयी आपला संशय बरोबर आहे, पण त्यामुळे आपण सुटत नाही. गालिच्याची पाठ तागाची असेल, तर जास्त पाणी झाल्यावर तागातील रंगद्रव्य विरघळते आणि गालिचा वाळताना पाण्याबरोबर धाग्यांच्या टोकापर्यंत चढते. तीव्र अल्कधर्मी साबणाने ते आणखी उठून दिसते. म्हणजे कारण नळीचे पाणी नसून यंत्राचे पाणी आहे. कोपऱ्यात आधी चाचणी घेऊन सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण हलके फवारा, पांढऱ्या टॉवेलने टिपा आणि जोराच्या वाऱ्याने लवकर वाळवा. बहुतेक पट्टे जातात. पुन्हा भरपूर पाण्याने धुण्याचा मोह मात्र टाळा, कारण त्याने तेच चक्र नव्याने सुरू होते. आणि हे काम विनामूल्य करून द्या.

पद्धतीबद्दल सांगायचे, तर पाणी किती सोडले आणि किती परत ओढले, हे यंत्राच्या स्वच्छ व मळक्या पाण्याच्या दोन्ही टाक्यांवर खुणा करून मोजण्याची सवय कामगारांना लावा. एकदा फवारा मारून ओढल्यानंतर गालिच्याच्या त्याच भागावर फवारा बंद ठेवून दोन-तीनदा नुसते ओढावे. मळक्या पाण्याच्या टाकीत फेस झाला, की तो मोटरीत जातो आणि ओढ मंदावते, म्हणून फेस मारणारे औषध सोबत असावे. नळाला थेट नळी जोडणे आम्ही बंदच केले आहे. बादलीने भरायला वेळ लागतो, पण निसटायला काही उरत नाही. फर्निचरच्या पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे ठेवावेत, नाहीतर लाकडाचा पॉलिश आणि लोखंडाचा गंज ओल्या गालिच्यात उतरतो. जमिनीत बसवलेले वीज-सॉकेट असतील, तर त्या भागाचा पुरवठा आधी बंद करून घ्यावा.

कोल्हापूरच्या पावसाळ्याबद्दल वेगळे लिहायला हवे. जुलैमध्ये गालिचा वाळावा म्हणून खिडक्या उघडून जाणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्या दिवसांत बाहेरची हवा आधीच ओलीचिंब असते आणि ती आत घेऊन काही वाळत नाही. दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलन किंवा हवेतील ओल शोषणारे यंत्र चालवावे आणि जोडीला जमिनीलगत वारा सोडणारे ब्लोअर लावावेत. एप्रिल-मे महिन्यांत खिडक्या उघड्या ठेवणेच उत्तम. २४ ते ४८ तास ओल राहिली, तर बुरशी धरू लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी फेरी मारून हात लावून पाहावे. ओल मोजण्याचे यंत्र असल्यास त्याच खोलीतील कोरड्या जागेच्या आकड्याशी तुलना करावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या गालिच्यांसारखे प्रकरण मात्र यात धरू नका. ते सांडपाणी मिसळलेले पाणी असते आणि असा गालिचा धुण्यापेक्षा टाकणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

उत्तर : विमा सल्लागार, शाहूपुरी

दोन्ही नुकसानांची कारणे वेगळी आहेत, हे आपल्या विम्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. अशा पॉलिसींत साधारणपणे आपल्या ताब्यातील किंवा ज्यावर प्रत्यक्ष काम चालू आहे ती वस्तू वगळलेली असते. त्यामुळे केबिनची फरशी दाव्यात बसण्याची शक्यता आहे, गालिचा मात्र बहुधा बसणार नाही. पॉलिसीतील अपवादांचे पान वाचा आणि शंका असल्यास कंपनीला लेखी विचारा.

कंपनीला आजच लेखी कळवा. विमा कंपनीच्या संमतीशिवाय दायित्व मान्य करू नये, अशी अट या पॉलिसींत सहसा असते, म्हणून ग्राहकाला रक्कम ठरवून देण्याचे टाळा. "आम्ही पाहणी करून विमा कंपनीला कळवले आहे" इतके सांगणे पुरेसे आणि सभ्यही आहे. फळ्या उचलण्यापूर्वी व उचलल्यावर छायाचित्रे घ्या आणि काढलेल्या फळ्या सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत फेकू नका. ओल वाढू नये म्हणून वाळवण्याचे काम मात्र सर्वेक्षकासाठी थांबवू नये.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. स्कर्टिंग काढून पाहिले, तर दारापासून तीन ओळींपर्यंत प्लॅस्टिकवर पाणी होते. फळ्या उचलून वाळवण सुरू केले आहे आणि कंपनीलाही ईमेल केला आहे. आणखी एक विचारतो : घरगुती ग्राहकांचे छोटे गालिचे आम्ही कधी कधी गोदामात आणून धुतो, तेथेही हेच लागू होते का?

उत्तर : विमा सल्लागार, शाहूपुरी

तेथे ताबा पूर्णपणे आपला असल्याने वरील अपवाद अधिकच लागू होतो आणि कायद्यानेही जबाबदारी येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी आपण घेणे अपेक्षित आहे. गालिचा स्वीकारतानाच आधीचे डाग, विरलेल्या कडा आणि पाठीची स्थिती पावतीवर लिहून ग्राहकाची सही घ्या. ताब्यातील मालासाठी वेगळे संरक्षण मिळते का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.

उत्तर : गालिचा-सोफा सफाई, राजारामपुरी

पावतीवर धाग्याचा प्रकारही लिहा. रेशमी म्हणून विकले जाणारे बरेच गालिचे प्रत्यक्षात व्हिस्कोजचे (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या कृत्रिम रेशमाचे) असतात; तो धागा ओला झाला की कमकुवत होतो, पिवळा पडतो आणि त्याची लव बसते. मागच्या बाजूचा एखादा धागा ग्राहकाच्या परवानगीने जाळून पाहा : कागद जळाल्यासारखा वास आला तर व्हिस्कोज किंवा सुती, केस जळाल्यासारखा आला तर लोकर किंवा खरे रेशीम. व्हिस्कोज निघाला, तर आम्ही पाण्याचे काम घेतच नाही, कोरडी सफाई करून परत देतो.