मोटर तिसऱ्यांदा जळाली, कोणत्या कंपनीची घ्यावी? लवकर सांगा

मोसंबीवाला_घनसावंगी
पाच एचपीची सबमर्सिबल. तीन महिन्यांत दोनदा रिवाइंडिंग केलं, परवा रात्री परत गेली. मोसंबीला आंबे बहारासाठी पाणी तोडून ताण दिला होता, परत पाणी सुरू करून बारा दिवस झालेत, झाडं कळीवर आहेत. आता पाणी तुटलं तर सगळी गळ होईल. रिवाइंडिंगचा वैताग आलाय, सरळ नवीनच घेतो. फक्त कंपनी सांगा, लेक्चर नको.

बांधावरचा_बाप्पा
पाचला दम नसतो राव. साडेसात टाका, मिटला विषय.

कॉइलवाला
बोअर किती? मोटर किती फुटावर सोडली? केबल किती एमएम, किती लांब? व्होल्टेज किती येतं? स्टार्टरचा रिले, म्हणजे जास्त अँपियर झाले की मोटर बंद पाडणारा खटका, किती अँपियरवर आहे? नाडी न बघता गोळी कशी सांगू?

मोसंबीवाला_घनसावंगी
बोअर 380 फूट. केबल तांब्याची, अडीच एमएम, स्टार्टरपर्यंत हजारेक फूट भरेल. व्होल्टेज रात्रीच्या पाळीला 310-320 असतं, सगळ्या शिवाराच्या मोटरी एकदमच सुरू होतात. पण व्होल्टेज कमी म्हणजे करंटही कमीच ना? जास्त व्होल्टेजनं जळाली असती तर समजलं असतं.

कॉइलवाला
इथंच घोळ आहे. बल्बचं, हीटरचं तसं असतं. मोटरला मात्र पाणी तेवढंच वर ढकलायचंय, त्यामुळं व्होल्टेज घटलं की ती जास्त अँपियर ओढते, आणि वाइंडिंग तापतं ते अँपियरनं. दुसरं, 415 च्या जागी 310 म्हणजे पाऊणच व्होल्टेज. पण सुरू होतानाचा जोर पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे निम्म्याच्या जरासा वर. मोटर उठायला वेळ लावते, आणि उठेपर्यंत नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचत बसते. वर तुमची हजार फूट केबल तीसेक व्होल्ट मधेच खाते. खाली मोटरला 280 मिळत असतील. त्यावर साडेसात टाकली तर दुखणं दीडपट.

बांधावरचा_बाप्पा
माझी साडेसात सहा वर्षं चालायली. पुस्तकी हिशोब राहू द्या.

कॉइलवाला
बाप्पा, तुमची विहिरीवर आहे का बोअरला?

बांधावरचा_बाप्पा
विहिरीवर. त्यानं काय फरक पडतो?

गोदाकाठ_परभणी
मी तर कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवतो. थ्री फेजची वाट कोण बघत बसणार!

कॉइलवाला
एक फेज नसला की उरलेल्यांवर दीड-पावणेदोन पट भार येतो. कंडेन्सर मोटरला फिरवतो खरा, पण गेलेला फेज पूर्ण भरून काढत नाही. अशा मोटरी आमच्याकडं येतात तेव्हा ओळखायला सोप्या: दोन फेजच्या कॉइलचं प्लॅस्टिक वितळून गोळा झालेलं आणि तिसरी कोरी करकरीत. घनसावंगीकर, तुमची खोलली तेव्हा कशी दिसत होती?

मोसंबीवाला_घनसावंगी
दुकानदारानं फोटो पाठवला होता. तिन्ही सारख्याच जळाल्यात.

सौरमित्र_बीड
दादा, मागेल त्याला सौर कृषी पंपचा फॉर्म भरा. 10 टक्केच भरायचे, एससी-एसटीला 5. अडीच ते पाच एकरला पाच एचपी मिळतो. दिवसा पाणी!

मोसंबीवाला_घनसावंगी
फॉर्म भरून पंप येईस्तोवर माझी फुलं थांबणार आहेत का?

पाणाड्या_नको
बोअर पाहिला कुणी होता? नारळ उभा राहिला होता का?

गोदाकाठ_परभणी
झालं सुरू. नारळ हलतो तो हाताच्या बारीक हिसक्यानं. आमच्या गावात नारळवाल्यानं सांगितलेले तीन बोअर कोरडे गेले, काळ्या खडकाचा भुगा तेवढा निघाला.

कॉइलवाला
विषयावर या. तिन्ही सारख्या जळाल्या म्हणजे फेज गेला नव्हता, ओव्हरलोड झाला. रिलेचं अजून सांगितलं नाही. मोटर किती फुटावर आहे तेही नाही.

मोसंबीवाला_घनसावंगी
मोटर 370 वर, जेवढी खाली तेवढं पाणी जास्त म्हणून. रिले सारखा ट्रिप मारायचा, थंडीत रात्री दोन-दोनदा उठून रानात जावं लागायचं. वायरमननं खटका शेवटपर्यंत फिरवून 14 वर ठेवला. तेव्हापासून एकदाबी ट्रिप नाही.

कॉइलवाला
मोटरच्या प्लेटवर किती अँपियर लिहिलेत? आणि पहिली मोटर जळाली ती 14 वर ठेवायच्या आधी का नंतर?

मोसंबीवाला_घनसावंगी
साडेआठ. नंतर. त्याच आठवड्यात.

बांधावरचा_बाप्पा
पण पाण्यात बुडालेली मोटर तापतेच कशी?

कॉइलवाला
पाणी अंगावरून वाहत राहिलं तर नाही तापत. सबमर्सिबलमध्ये मोटर खाली, जाळी मधे, पंप वर. तळापासून दहा फुटांवर सोडली तर मोटरचं अंग गाळात रुतून बसतं, पाणी वरच्या वरच खेचलं जातं. घनसावंगीकर, मोटर चालू असताना पाणी कितीवर राहतं?

मोसंबीवाला_घनसावंगी
बोअरवाला म्हणाला होता 280 ला.

कॉइलवाला
मग 330 वर घ्या, निवांत चालेल. रिले साडेआठवर. तरी ट्रिप झाला तर शिव्या व्होल्टेजला द्या, रिलेला नको. ऑटोस्विच असेल तर लाइट आल्या आल्या चालू होऊ देऊ नका, पाचेक मिनिटांचा टायमर टाका. आणि केबल चारची करा.

मोसंबीवाला_घनसावंगी
(चार दिवसांनी) नवीन घेतली नाही, जुनीच भरून आणली. वीस फुटी दोन पाइप काढले. वर आलेल्या मोटरला ढोपराएवढा चिखल चिकटला होता, काडीनं खरवडावा लागला. रिले साडेआठवर केला. काल रात्री 315 व्होल्टेजला तीनदा ट्रिप मारला, कंटाळून सोडून दिलं. सकाळी 380 मिळालं तर सलग चार तास चालली, क्लॅम्प मीटरवर आठ अँपियर. बाग निम्मी भिजली. डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) लोडसाठी सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करतोय, बघू.

आता चार एमएमची केबल कुठं स्वस्त पडेल, जालन्यात का संभाजीनगरला? आजच जायचंय, लवकर सांगा.