‘आरोग्यात राजकारण नको’ हे मला मान्य नाही

सिंहगडरोडकर:
ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले अशोक चव्हाण रुग्णालयात गेले, त्यांनी सरकारला जाब विचारला. जाहिरातींना पैसे आहेत आणि मुलांच्या औषधांना नाहीत, अशा अर्थाची टीका राहुल गांधींनी केली. आमच्या सोसायटीत तेव्हा सगळे म्हणत होते, ‘मेलेल्या लेकरांवर कसलं राजकारण करता!’

मग जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस, हातपाय लुळे पाडणारा आजार, पुण्यात आमच्याच सिंहगड रस्त्यावर आला. इथलं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. माझा मावसभाऊ सकाळी उठला आणि त्याला चप्पल पायात धरता येईना. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर. इंजेक्शनांच्या खर्चापायी मावशीच्या पाटल्या गेल्या. कमला नेहरू आणि वायसीएम या पालिकांच्या रुग्णालयांत मोफत उपचार होतील, असं अजित पवारांनी जाहीर केलं, ते चांगलंच झालं. पण तोवर आम्ही एका खासगी रुग्णालयात अडकलो होतो आणि व्हेंटिलेटरवरचा माणूस हलवायचा कसा? साथीमागे दूषित पाण्याचा संशय होता. विरोधी पक्षाचे लोक त्या पाण्यावरून बोलायला लागले, तेव्हा पुन्हा तेच ऐकलं: राजकारण करू नका.

मला विचाराल तर करा. सरकारी डॉक्टर तोंड उघडू शकत नाही, त्याला नोकरीचे नियम आहेत. नर्सची बदली होते. नातेवाईक बिलाच्या रांगेत उभा असतो. मग विचारणार कोण? ज्याला आपली मतं हवी आहेत तोच. त्याचा हेतू स्वार्थी असेल, पण प्रश्न तर आपलाच असतो ना.

कोथरूडचा करदाता:
दादा, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण हे पटलं नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा हिशेब आधी बघायचा की नाही? जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयूला आग लागून ११ रुग्ण गेले. आरोग्य भरतीचा पेपर फुटला तोही २०२१ मध्येच आणि तपास आपल्या पुण्याच्या पोलिसांनी केला. सरकार महाविकास आघाडीचं होतं. चव्हाण स्वतः त्या मंत्रिमंडळात होते.

पुढचंही सांगतो. नांदेडच्या घटनेनंतर पाचच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ते भाजपमध्ये गेले. जाब विचारणारे गेले पलीकडे. त्या बारा बाळांच्या आईवडिलांनी आता कुणाकडे बघायचं? म्हणून म्हणतो, यांच्या प्रश्नावर आपण भाबडेपणाने टाळ्या वाजवू नयेत.

सिंहगडरोडकर:
टाळ्या वाजवा असं मी म्हटलेलंच नाही. भंडाऱ्याच्या वेळी फडणवीस विरोधी पक्षनेते होते. ते तिथे गेले, त्यांनी सरकारला धारेवर धरलं आणि बरोबर केलं. त्यांना तेव्हा कुणी ‘राजकारण नको’ म्हटलं असेल, तर तेही चूकच होतं.

माणूस पक्ष बदलतो, तो प्रश्न त्याच्याबरोबर जात नाही. नांदेडची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती, कारण त्याआधी दोन दिवस गदारोळ झाला होता. सगळे शहाण्यासारखे गप्प बसले असते, तर ती बातमी तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर गेली असती.

निवृत्त परिचारिका:
एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, म्हणून बोलते. नेता येणार म्हटलं की आमच्या पोटात गोळा यायचा, मग तो सत्तेतला असो की विरोधातला. सकाळपासून फरशा धुवा, चादरी बदला, नातेवाइकांना बाहेर काढा. दोन तास वॉर्डात कॅमेरे. त्या दोन तासांत सलाईन संपलेल्या पेशंटकडे बघायला माणूस नाही. नांदेडला तर सत्ताधारी बाजूच्या खासदाराने अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. सफाईची पदं रिकामी असतील तर डीनने एकदा संडास धुतल्याने काय होणार?

माझ्या शेवटच्या वर्षांत रात्रपाळीला चाळीस पेशंटमागे मी एकटी असायचे. एकाला ऑक्सिजन लावताना दुसऱ्याची आई ‘सिस्टर, सिस्टर’ करून ओरडायची आणि मी तिच्यावर खेकसायचे. त्या माऊलीचा चेहरा अजून आठवतो. कुणी आमदार मला कधी विचारायला आला नाही, की बाई, मंजूर पदं किती आणि भरलेली किती. राजीनामा मागायला मात्र सगळे येतात. राजीनाम्याने एक मंत्री जातो, रात्रपाळीला दुसरी नर्स येत नाही.

कोथरूडचा करदाता:
ताईंशी शंभर टक्के सहमत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात कॅगचा आरोग्य सेवांवरचा अहवाल आला. त्यात डॉक्टर-नर्सची तूट आहे, सरकारसाठी औषधं खरेदी करणाऱ्या हाफकिनकडून वेळेत न आलेली औषधं आहेत. पण काळ कुठला? २०१६-१७ ते २०२१-२२. म्हणजे सगळ्यांचाच. मग कुठल्या तोंडाने हे जाब विचारणार?

किरकटवाडीकर:
काका, तुम्ही कोथरूडला बसून ‘सगळे सारखेच’ म्हणू शकता. आम्हाला ते परवडत नाही. आमचं गाव २०२१ मध्ये पालिकेत आलं. खडकवासल्याचं धरण हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या नळाला विहिरीचं पाणी, नुसतं क्लोरीन टाकलेलं, न गाळलेलं. तक्रार करायला नगरसेवक? मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होता. जवळजवळ चार वर्षं आमच्या गल्लीत मत मागणारा कुणी नव्हता, म्हणून विचारणाराही नव्हता. माणसं लुळी पडली तेव्हा टँकर आले.

विधानसभेत तरी काय? २०२४ च्या निवडणुकीत २८८ पैकी २९ आमदार, म्हणजे दहावा हिस्सा, कुठल्याच विरोधी पक्षाला मिळाले नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. विरोधक नालायक असतील, असू देत. पण विरोधकच नसला की काय होतं, ते आमच्या घरात येऊन बघा.

कोथरूडचा करदाता:
नगरसेवक होते तेव्हा सगळं नीट होतं, असं मला वाटत नाही. तुमचा त्रास खरा आहे. पण त्यावर उभं राहून कुणी मोठं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आणि ते मी सोडणार नाही.

सिंहगडरोडकर:
होऊ दे की मोठं! किरकटवाडीला गाळलेलं पाणी आणि ताईंच्या वॉर्डाला दुसरी नर्स आणून दाखवू दे. आमच्या भागातल्या आमदारांना आणि त्यांच्या विरोधकांना, दोघांनाही मी रिकाम्या पदांबद्दल लेखी विचारणार आहे. ताई, मजकूर कसा करू?

निवृत्त परिचारिका:
एकच पत्र करू नका. ससून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडे, कमला नेहरू पालिकेकडे. एकत्र विचारलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. तीन पत्रं करा. आणि नुसती ‘रिक्त पदं’ लिहू नका, रात्रपाळीला वॉर्डात प्रत्यक्ष किती जणी असतात ते विचारा. कागदावरच्या निम्म्या बायका दुसरीकडे कामाला लावलेल्या असतात.