मदत हवी आहे: फुटीमध्ये मिडफिल्ड सोडून हाफ बॅकला जाऊ का?

मी मेलबर्नला लोकल क्लबकडून फुटी खेळतो, ऑस्ट्रेलियन रूल्स, अंडाकृती बॉलवाली. इतकी वर्षं मिडफिल्डलाच होतो पण आता वय 36, तिसऱ्या क्वार्टरनंतर पायच उचलत नाहीत आणि हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) सारखी धरते. कोच म्हणतोय हाफ बॅकला (मागे, बचावाच्या फळीत) ये नाहीतर फॉरवर्ड पॉकेटला (पुढे, गोलजवळ कडेला) जा, अजून दोन-तीन सीझन आरामात खेळशील.

AFL (इथली टॉप लीग) मधल्या मोठ्या खेळाडूंनी हे केलंय ते माहितीय. शॉन बर्गोइन हाफ बॅकला सेट झाला आणि 407 मॅच खेळून 2021 ला थांबला. ल्यूक हॉज पण मागून टीमला ओरडून ओरडून जागेवर लावायचा, ब्रिस्बेनला जाऊन अजून दोन सीझन काढले त्याने. गॅरी एब्लेट ज्युनिअर जीलाँगला परत आल्यावर बराचसा फॉरवर्डलाच खेळला. पण ती माणसं वेगळीच हो, त्यांना बॉल कुठे पडणार ते आधीच दिसायचं.

माझी खरी भीती अशी की बचावात एकूण पळणं कमी असलं तरी समोरचा फॉरवर्ड विशीतला असतो, तो एकदम सुटला की मला पण फुल स्प्रिंट मारावीच लागणार, मग हॅमस्ट्रिंगचं काय? इथे कोणी पस्तिशीनंतर पोझिशन बदललीय का? प्रीसीझनला लांब रनिंग कमी करून स्प्रिंट वाढवले का? आणि आपण धरलेला समोरचा माणूस सोडून बॉलवर कधी जायचं हे कसं शिकलात? प्लीज सांगा, मला एवढ्यात थांबायचं नाहीये.