सोलरवर गाडी चार्ज करायची आहे, पण ऊन आणि चार्जर यांचं जमत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

छतावर ५ किलोवॅटचं सोलर आहे. ग्रिडला जोडलेलं, सिंगल फेज, बॅटरी नाही. आता दारात इलेक्ट्रिक गाडी आली आहे आणि ती शक्यतो उन्हावरच चालावी अशी इच्छा आहे. गाडी दुपारची बऱ्याचदा घरीच असते, त्यामुळे 'ऊन घरी आणि गाडी बाहेर' ही नेहमीची रड माझी नाही. माझी रड वेगळी आहे.

गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर १६ अँपियरच्या सॉकेटला लावतो. तो साधारण ३ किलोवॅट ओढतो, मग बाहेर काहीही होवो. इन्व्हर्टरचं अ‍ॅप उघडून बसलं की सगळा तमाशा दिसतो. लख्ख दुपारी ४ किलोवॅट बनतात, घर अर्धा किलोवॅट खातं, उरलेल्यात गाडी आरामात भागते. मग एक ढग येतो. उत्पादन झर्रकन १.२ वर घसरतं, गाडी मात्र ३ च ओढत राहते, म्हणजे २.३ किलोवॅट ग्रिडमधून. ढग सरला की उलटा प्रवाह सुरू. संध्याकाळी मीटर बघावा तर आयात आणि निर्यात, दोन्ही आकडे पुढे सरकलेले! मला दिलेल्या युनिटचा भाव घेतलेल्या युनिटपेक्षा बराच कमी मिळतो, म्हणून हे खटकतं.

तर जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा:

उन्हाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारा चार्जर असतो का, आणि तो घेण्यात अर्थ आहे का? सकाळी घर भागवून ८०० वॅट उरतात, तेवढ्यावर गाडी रमतगमत चार्ज का होऊ नये? सोलरवाला म्हणतो 'घरात बॅटरी बसवा, विषय संपला'. मला ते पटत नाहीये, पण नेमकं का ते सांगता येत नाही.

शिवाय एक शंका: तासन् तास चार्जिंग झाल्यावर प्लग काढताना पिना हाताला चांगल्याच गरम लागतात. हे चालायचंच का?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

आधी एक गोष्ट. एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरचा किंवा तुमचा पोर्टेबल डबा फक्त वीज जोडतो-तोडतो आणि गाडीला 'इतक्या अँपियरपर्यंत घे' असं सांगतो. हे सांगणं कंट्रोल पायलट नावाच्या एका तारेवरून होतं. तिच्यावर १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल असतो आणि त्यातल्या पल्सची रुंदी म्हणजे परवानगी. १० टक्के रुंदी म्हणजे ६ अँपियर, ५० टक्के म्हणजे ३०. सोलर चार्जरची सगळी करामत एवढीच, की मेन लाइनवर एक सीटी क्लॅम्प (तारेभोवती बसणारा प्रवाह मोजणारा चिमटा) बसवायचा, ग्रिडकडे किती जातंय ते मोजायचं आणि त्याप्रमाणे ही रुंदी बदलत राहायची.

पण मानकानुसार ६ अँपियरच्या खाली जाता येत नाही. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॅट. त्यामुळे तुमच्या सकाळच्या ८०० वॅटवर गाडी हलणार नाही. सिंगल फेज आहात हे नशीब समजा, तिन्ही फेजवर चार्ज करणाऱ्यांचा उंबरठाच ४.१ किलोवॅटवर जातो. ५ किलोवॅटच्या पॅनलवर तो दिवसात जेमतेम गाठला जातो.

खर्चात पडण्याआधी गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंगचे अँपियर कमी करायची सोय आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत असते. काही पोर्टेबल चार्जरवरच बटण असतं.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण ६ अँपियरचा फार सोस करू नका. चार्जिंग चालू असताना गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स, पंप वगैरे जागे असतात आणि दोन-तीनशे वॅट तेच खातात, चार्जिंग हळू असो की जोरात. १४०० मधले ३०० म्हणजे पाचवा हिस्सा गेला! ७००० मधले ३०० कळतही नाहीत. मी असतो तर १० अँपियर लावून अकरा ते तीन ठेवली असती आणि थोडी ग्रिडची वीज गेली तर जाऊ दिली असती.

सरप्लस चार्जर, म्हणजे उरलेल्या उन्हाप्रमाणे कमी-जास्त होणारा, घेतलात तर त्यात दोन प्रकारचे मोड असतात. एकात ऊन कमी पडलं की किमान प्रवाहापुरती भर ग्रिडमधून घातली जाते, दुसऱ्यात चार्जिंग सरळ थांबतं. दुसरा ऐकायला शुद्ध वाटतो, पण ढगाळ दिवशी आतला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) खटखट करत बसतो आणि काही गाड्या तीन-चारदा थांबवलं की झोपी जातात, नंतर ऊन पडलं तरी उठत नाहीत. थांबण्याआधी काही मिनिटांचा विलंब ठेवता येतो, तो जरूर ठेवा. स्वतः उद्योग करायची हौस असेल तर ईव्हीसीसी ही मुक्त-स्रोत प्रणाली बघा, बऱ्याच कंपन्यांचे इन्व्हर्टर आणि चार्जर ती एकमेकांशी बोलते करते.

प्रतिसाद

बॅटरीबद्दल तुमची शंका रास्त आहे. पॅनलमधून घरच्या बॅटरीत, तिथून गाडीच्या बॅटरीत, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर टोल. शिवाय मोजमाप नीट लावलं नसेल तर रात्री गाडी लावल्याबरोबर घरची बॅटरी तिला घरातलाच लोड समजते आणि स्वतः रिकामी होते. फ्रिज-दिव्यांसाठी साठवलेलं सगळं गाडीच्या पोटात! गाडीतच एवढी मोठी बॅटरी आहे, दुपारी तीच भरा.

बॅटरी घ्यायचं खरं कारण वेगळं आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज गेली की बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तसा नियमच आहे. तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर विचार करा, नुसत्या गाडीसाठी नको.

प्रतिसाद

सगळे सोलरवर बोलतायत, मला प्लगची काळजी वाटते. सॉकेट इस्त्रीसारख्या अर्ध्या तासाच्या कामासाठी असतं, सहा तास सलग १३ अँपियरसाठी (म्हणजे तुमच्या ३ किलोवॅटसाठी) नाही. पिनांवर काळपट-पिवळट डाग दिसला तर आजच थांबवा. घराच्या मुख्य वीजपेटीपासून स्वतंत्र लाइन, स्वतःचा ब्रेकर आणि खात्रीचं अर्थिंग करून घ्या. आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण) निवडताना इलेक्ट्रिशियनला सांगा की गाडीकडून डीसी गळतीही होऊ शकते आणि साधा एसी प्रकारचा आरसीडी ती ओळखत नाही. तोवर प्रवाह १० वर आणा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे १३ वरून १० म्हणजे सुमारे ४० टक्के कमी.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. स्क्रीनवर सोय सापडली, चार्जिंगच्या मेनूत दोन पायऱ्या आत दडलेली होती. १० वर ठेवली आहे, प्लग आता नुसता कोमट लागतो. डाग नाही, तरी स्वतंत्र लाइनसाठी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आहे. बॅटरीला नकार कळवला. सरप्लस चार्जरचं स्वतंत्र लाइन झाल्यावर बघेन.

ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी थांबण्याआधीचा विलंब किती मिनिटांचा ठेवलाय, आणि गाडी झोपायची थांबली का, तेवढं लिहा.