शब्दच कळत नसतील तर राजकारण कसलं?

ठिणगी: ब्लॅक मेटल (किंचाळता, अंधारा मेटल) आणि क्रस्ट पंक (मळकट, राजकीय पंक) एकत्र वाजवणारा इस्क्रा परत ऐकतोय. कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा, उघड अराजकतावादी बँड. २००९चा 'बुरेवाल' अल्बम तर जबरदस्त. पण शब्दांचा कागद समोर नसेल तर गायक राज्यसत्तेला शिव्या घालतोय की हवामान सांगतोय, कळत नाही. जे ऐकूच येत नाही त्याला मी राजकारण म्हणणार नाही. कव्हरवरची सजावट म्हणेन.

कानसेन: क्रास या ब्रिटिश अराजकतावादी पंक बँडचे शब्द तरी तुम्हाला पहिल्या फटक्यात कळले होते का? त्यांच्या कव्हरची घडी उलगडली की पोस्टर निघायचं, शब्द तिथे वाचायचे. वर किमतीची कमाल मर्यादा छापलेली, म्हणजे दुकानदाराने जास्त उकळू नये. पंकचं राजकारण गळ्यात कमी आणि व्यवहारात जास्त असतं.

उत्तरवारा: मला मुळात ही भेसळच नको. ब्लॅक मेटलमधला गारठा डी-बीट, म्हणजे पंकचा तो धावता ताल, सुरू झाला की संपतो. नॉर्वेच्या डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडने २००६ नंतर पंक घेतलं, पण घोषणा न देता. संगीत आधी.

दोनपेडल: डार्कथ्रोनचं उदाहरण नेमकं उलटं पडतंय, भाऊ. त्यांच्या १९९४च्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' अल्बमच्या मागच्या बाजूला 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' छापलं होतं. गदारोळ झाला, ते काढावं लागलं आणि पुढच्या अल्बमवर 'आम्ही नाझी नाही, राजकीयही नाही' असा खुलासा छापावा लागला. त्यात बर्झम हा ब्लॅक मेटल प्रकल्प चालवणाऱ्या विकेर्नेसने १९९३ मध्ये मेहेम बँडच्या गिटारवादकाचा, युरोनिमसचा, खून केला आणि नंतर वंशवादी लिखाण करत बसला. या प्रकारात नाझींचा एक कोपरा कायमचा होऊन बसलाय. तिथे इस्क्रा किंवा लिव्हरपूलचा, २०२३ मध्ये थांबलेला बँड डॉन रेड उघडपणे फॅसिझमविरोधी म्हणवून घेत आलेत, तेव्हा शब्द कळोत न कळोत, दारात कोणाला थारा नाही हे कळतं.

ठिणगी: दाराचं मान्य. पण दार लावणं वेगळं आणि आतल्यांना काही सांगणं वेगळं.

कानसेन: सांगतात ना, ढोल सांगतो. सलग ब्लास्टबीटवर, म्हणजे मशीनगनसारख्या ढोलावर, माणूस जागीच थिजतो, प्रत्येक जण आपापल्या अंधारात. मग मधेच डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडच्या छापाचा डी-बीट येतो, किक आणि स्नेअर घोड्यासारखे उधळतात आणि अख्खी गर्दी एकमेकांवर आदळते. एकट्यांचा जमाव होतो तिथे.

ठिणगी: पाय हलले म्हणजे मत हललं?

उत्तरवारा: हा हा. पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

दोनपेडल: मग पॅनॉप्टिकॉन या अमेरिकी ब्लॅक मेटल प्रकल्पाचा 'केंटकी' (२०१२) अल्बम ऐका. कोळसा खाणकामगारांवर आहे, बँजो आहे, १९३१च्या खाणसंघर्षातलं गाणं आहे. शब्द न् शब्द कळतो.

ठिणगी: ऐकलाय, आवडतो. पण ते गाणं कळतं कारण तेवढ्यापुरतं ब्लॅक मेटल थांबतं. माझा मुद्दा दुसरा काय होता?