१४ महिन्यांच्या लेकीसाठी घरच्या घरी सेन्सरी बॉक्स: काय घालू, काय नको?

डिचोलीची_आई:
नमस्कार मंडळी, लेक १४ महिन्यांची आहे, कपाट धरून फिरते आणि हाताला लागेल ते आधी तोंडात. रील्सवर सगळ्या जणी सेन्सरी बॉक्समध्ये, म्हणजे पोरांनी हात घालून, चाचपून खेळायच्या खोक्यात, रंगीत तांदूळ, राजमा, ते पाण्यात फुगणारे मणी असं काय काय भरून दाखवतात, रेडीमेड बघितले तर महाग आणि आत नुसतं प्लास्टिक. मला घरातल्याच वस्तूंचा करायचाय. मिरामारच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आहेत, आणि गेल्या चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळं-भाज्या बांधून टांगतो त्या माटोळीतल्या बिया सासूबाईंनी सुकवून ठेवल्यात, त्या घालू का? शिवाय आता पावसात सगळ्याला बुरशी, त्याचं काय करता तुम्ही?

कुळागर_फोंडा:
ताई, फुगणारे मणी घरात आणूच नका. गिळले तर पोटात फुगून आतडं अडकतं, ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. राजमाही नको, कच्चा विषारी असतो आणि नाकात गेला तर ओलाव्याने तिथेच फुगतो. आणि माटोळीच्या बिया तर कृपा करून नकोच! माटोळीला बांधतो ती सगळीच रानफळं काही खायची नसतात, कुठली बी कसली ते वर्षभराने कोण सांगणार. गुंज तर आपल्याकडे कुंपणावर सहज मिळते, लाल-काळी, देखणी, पण चावून फुटली तर जीवावर बेतते. सालीसकट काजूची बी पण नको, सालीतल्या तेलाने कातडी भाजते हे आपल्याला माहीत असतं, पोरांना नसतं.

आजी_पेडणे:
बाय, बॉक्स कशाला विकत घ्यायचा, घरातलं पसरट घमेलं किंवा आंघोळीचा टब घे. त्यात नारळाची करवंटी, मूठभर सोडण, म्हणजे नारळाची बाहेरची काथ्याची साल (सुटे धागे आधी ओढून काढ), छोटं सूप, लाकडी पळी, धुतलेला सुती पंचा. करवंटीचे काठ काचपेपरने घासून त्यावरून स्वतःचं बोट फिरवून बघ, कुठे टोचलं तर परत घास. माझी नात करवंटी आतून चोळते, मग उलटी करून बाहेरून चोळते, मग दोन करवंट्या एकमेकींवर आपटते आणि आवाज आला की आमच्याकडे बघते, यातच तिचा अर्धा तास जातो. जे तोंडात जाणारच ते खायचंच ठेव की, नाचणीचं सत्त्व घट्ट शिजवून ताटात ओतायचं, थंड झालं की हाताने चिवडू दे. शिजवलेल्या शेवया पण छान, बुळबुळीत लागतात म्हणून सुरुवातीला हात मागे घेईल, जबरदस्ती करू नकोस, तू आधी हात घाल.

मडगावचा_बाबा:
आजींना अनुमोदन. एक टेस्ट सांगतो, टिश्यू रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या, जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती ३ वर्षांखालच्या पोराच्या हाती नाही. या हिशोबाने तांदूळ-डाळी अजून थांबू देत. बुरशीचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर आम्ही कोरडं धान्य भरून ठेवतच नाही, नुसते किडे होतात. ओलं किंवा शिजवलेलं जे असेल ते खेळून झालं की त्याच दिवशी टाकायचं, करवंट्या आणि पळ्या धुवून, फडक्याने पुसून पंख्याखाली, आणि ऊन पडलं की पहिल्यांदा त्या बाहेर. सोडण मात्र पावसाळ्यात वाळतच नाही, ते दिवाळीनंतर काढा. पाण्याचा टब करणार असाल तर बोटभर पाणी पुरे, पण तेवढ्या पाण्यातही बाळ बुडू शकतं, म्हणून हाताच्या अंतरावर बसायचं, फोन आला तर आधी टब रिकामा करायचा, मग फोन.

डिचोलीची_आई:
खूप खूप आभार सगळ्यांचे, बिया आजच टाकून देते. शिंपल्यांचं राहिलं, त्यांचं काय करू?

कुळागर_फोंडा:
तळहाताएवढे, जाड आणि बोथट काठाचे असतील तेच ठेवा, उकळून, ब्रशने आतली वाळू काढून. पातळ शिंपले आपटले की फुटतात आणि काठ ब्लेडसारखा होतो, ते नकोत.


आजी_पेडणे:
आणि बाय, नाचणीत मीठ-साखर काही घालू नकोस, साखरेला मुंग्या येतील.