वीस टॅब की शिकवणाऱ्या ताई? आमच्या रात्रवर्गाचं काय करावं

गोळीबारचौक_रात्रवर्ग:
नागपूरच्या गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही सहा वर्षांपासून बायकांचा संध्याकाळचा वर्ग चालवतो. कोणी विड्या वळतात, कोणी धुणीभांडी करतात, दोघी कळमन्याच्या बाजारात संत्री निवडायला जातात. वयं पस्तीस ते साठ. वेळ साडेसात ते नऊ. शिकवणाऱ्या ताईंचं मानधन एक देणगीदार देतात. आता त्यांचं म्हणणं असं, की पुढच्या वर्षीपासून मानधनाऐवजी वीस टॅब देतो, शिकायची अ‍ॅप्स भरून देतो, बायका घरी बसून सवडीनं शिकतील. माणूस भला आहे, तळमळीनं बोलतो. पण दोन्ही देणं त्यांना जमणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. टॅब नको. आमच्याकडे एक मावशी तीन महिने ‘घ’ला ‘ध’ म्हणत होत्या. ताईंनी एकदा पाटी हातभर लांब धरली, तर मावशींनी सगळं बरोबर वाचलं. चाळिशीचा चष्मा हवा होता, दुसरं काही नाही. अ‍ॅपनं त्यांना तीन महिने ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच सांगितलं असतं.

तुमचं काय मत? विरोधात असेल तर जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे.

हिंगणा_सेकंडशिफ्ट:
ताई, मी आपल्या नागपुरीतच लिहितो. माई शिफ्ट तीन ते अकरा. तुमच्या वर्गाले मी कवा येऊ, सांगा? दहावी नापास माणूस मी. सीएनसी, म्हंजे कॉम्प्युटरवर चालनाऱ्या कापाच्या मशीनचा प्रोग्राम एकतिसाव्या वर्षी फोनवर शिकलो. कंपनीच्या बसमंदी बसलो का कानात तार लावाची अन् एकच व्हिडिओ दहा खेपा पाहाचा. प्रोग्रामात जी-झिरो लिवलं का हत्यार हवेतून पळते, जी-वन लिवलं का कापत जाते, एवढी साधी गोष्ट मले चार वर्षं कोणी नीट सांगतली नोती. उस्तादले तिसऱ्यांदा विचारलं का तो चिडे. फोन चिडत नाही जी. माह्यासारख्या माणसाले ही लय मोठी गोष्ट आहे.

मुक्तविद्यापीठ_रविवार:
भाऊ, तुमच्या जिद्दीबद्दल आदरच आहे. पण तुम्हाला वाचता येत होतं, मशीन रोज हाताखाली होतं आणि शिकल्यावर पगार वाढणार होता. मी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या इथल्या एका अभ्यासकेंद्रावर बारा वर्षं रविवारी शिकवलं. एसटीतले कंडक्टर, होमगार्ड, अंगणवाडीसेविका असे विद्यार्थी. पुस्तकं सगळ्यांना सारखीच मिळायची. जे रविवारी येऊन बसायचे, ते बहुतेक परीक्षेपर्यंत टिकायचे. बाकीच्यांचे गठ्ठे मी तसेच बांधलेले पाहिलेत.

हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ या शोधनियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे ३.१३ टक्के. हे तर बहुतांशी आधीच शिकलेले लोक. मग विडी वळून आलेल्या बाईनं रात्री एकटीनं टॅब उघडावा, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

प्रतापनगर_कोडर:
सर, त्याच हिशेबातला दुसरा आकडाही द्या ना. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले, त्यांच्यात पूर्ण करणारे ४६ टक्के होते. ठरवून आलेला माणूस टिकतो, नुसतं डोकावणारा जातो. वर्गातही तेच होतं. आणि प्रौढ माणूस पूर्ण अभ्यासक्रमासाठी शिकतोच असं नाही. त्याला हवं तेवढं घेतो आणि कामाला लागतो. त्याला गळती का म्हणायचं?

दुसरं म्हणजे उजळणी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला. पहिल्या दिवसातच बरंचसं जातं, मग वेग मंदावतो. म्हणून आज शिकलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्यानं समोर यायला हवं. वीस बायकांची वीस वेगवेगळी अक्षरं लक्षात ठेवून हे करणं कोणत्या ताईंना जमेल? फोनला जमतं.

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये मजूर-शेतकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण शिकणाऱ्याला दिवसा वेळ नव्हता. ज्यांना साडेसातही जमत नाही, त्यांच्यासाठी आज तेच काम फोन करू शकतो.

आणि मनातलं बोलतो, राग मानू नका. आता मराठीत बोललं की फोन लिहून देतो, लिहिलेलं वाचून दाखवतो. पंचावन्न वर्षांच्या बाईला दोन वर्षं बाराखडीत अडकवण्यापेक्षा बोलून व्यवहार करायला पंधरा दिवसांत शिकवलं, तर ती लवकर मोकळी होईल. अक्षर हे साधन आहे.

नंदनवन_वाचनालय:
कोडरभाऊ, टॅब त्या बाईच्या हातात राहील हे तुम्ही धरूनच चाललात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरतात असा मोबाइल ५४ टक्क्यांकडेच होता. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. टॅब घरी गेला की पहिल्या आठवड्यात नातवाचा होतो. मी वाचनालयात रोज बघते. आजी फोन घेऊन येतात, कुलूप उघडायचा आकडा नातवालाच ठाऊक असतो.

शिवाय त्या अ‍ॅप्समधले धडे बघा. ससा आणि कासव, हत्तीचा वाढदिवस. चार लेकरं वाढवलेल्या बाईला ससा वाचायला लावायचा? तिला विजेचं बिल वाचायचंय, रेशनच्या पावतीवरचे किलो वाचायचेत.

मुक्तविद्यापीठ_रविवार:
मानधनाचा प्रश्न प्रौढसाक्षरतेच्या सरकारी उल्लास योजनेतून सुटेल का, तेही बघा. २०२२ ते २०२७ अशी आहे, पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी. नोंदणी आणि धडे अ‍ॅपवर, शिकवणारे स्वयंसेवक. शेवटी वाचन, लेखन आणि अंकज्ञान असे पन्नास-पन्नास गुणांचे तीन भाग, एकूण १५०.

गोळीबारचौक_रात्रवर्ग:
सर, उल्लासची नोंदणी आम्ही केली आहे, नऊ जणी पासही झाल्या. पण त्यातल्या स्वयंसेवकांना मानधन नसतं. कॉलेजची मुलं उत्साहानं येतात आणि परीक्षा आली की जातात. दोष त्यांचा नाही. बायका मात्र दर वेळी नव्या माणसासमोर पुन्हा लाजतात.

हिंगणा_सेकंडशिफ्ट:
सगळे बोलून रायले, पण त्या बायाईले कोणी विचारलं का जी?

गोळीबारचौक_रात्रवर्ग:
नव्हतं विचारलं. काल विचारलं. दोन गोष्टी सांगते, दोन्हींनी मला झोप लागली नाही.

पहिली. हजेरीवर चौतीस नावं आहेत, काल चौदा जणी होत्या. मी वर्गाची बाजू मांडताना या चौदा जणींकडे बघूनच मांडत होते. कळमन्याला जाणारी एक दिवाळीपासून आलेली नाही. शेजारणीजवळ निरोप दिला तिनं, ‘मी चारला उठते, आठला निजते. टॅब भेटत असन तर माहं नाव लिहा.’

दुसरी. कोडरभाऊंचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं, की आता फोन वाचून दाखवतो. त्यावर त्या चष्मेवाल्या मावशी म्हणाल्या, त्यांना ते माहीत आहे, म्हणूनच त्या वर्गाला आल्या. त्यांची मुलगी भंडाऱ्याकडे दिली आहे. सासरी तिला त्रास होतो. एक दिवस तिचा मेसेज आला, मावशींनी सवयीनं बटण दाबलं आणि फोननं तो घरभर वाचला. नवरा, मुलगा, सून, सगळ्यांनी ऐकलं. पोरीनं पुढं आईला काही लिहिलंच नाही. मावशी म्हणाल्या, ‘डोळ्यानं वाचलं तर फक्त मलेच समजते न!’

प्रतापनगर_कोडर:
हे मला सुचलं नव्हतं. पण ताई, इअरफोन लावला तर ऐकणं खाजगी राहतं. एका मावशींच्या अनुभवावरून वीस जणींचा निर्णय करू नका.

गोळीबारचौक_रात्रवर्ग:
इअरफोनचं मीही म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘आयकीन कानात. पण तिले जवाब देतानी बोलाच लागन न, अन् घर तर एका खोलीचं.’ काल त्यांनी वहीत मुलीचं नाव लिहिलं. जोडाक्षर आहे त्यात, चार वेळा खोडलं. फोनवर तेच लिहायला बसलो, तर पाय मोडायचं बटण कुठं असतं ते ताईंनाही सापडायला वेळ लागला. आता रोज शेवटची दहा मिनिटं त्यांच्याच फोनवर लिहायचं ठरवलंय.

देणगीदारांना मी ताईंचंच मानधन मागणार आहे.

हिंगणा_सेकंडशिफ्ट:
मावशीचं पटलं. पण मंग कळमन्याच्या बाईचं काय? चौदा जणींसाठी ताई ठेवान, अन् वीस जणी हजेरीत नुसत्या नावाले रायतीन. मले तुमचा निर्णय अर्धाच बरोबर वाटते. तिचं नाव कापू नका.

गोळीबारचौक_रात्रवर्ग:
नाव कापलेलं नाही, भाऊ. उद्या पहाटे चारला मी आणि ताई कळमन्याला जातोय. संत्र्याच्या ढिगाजवळच तिला भेटून विचारते, टॅब कधी उघडणार आणि अडलं तर कोणाला विचारणार.